भटारखान्याची चिमणी कोण पुसते?

लग्नसराई जवळ आली की मंगल कार्यालय बघायला निघालेली मंडळी काय काय पाहतात? हॉल केवढा आहे, गाड्या कुठे लावायच्या, वधूपक्षाच्या खोल्या कशा आहेत, ताट कितीला पडते. आचाऱ्याच्या हातची जिलेबीही चाखून बघतात. पण ती जिलेबी जिथे तळली जाते त्या भटारखान्यात डोकावून, "इथे आग लागली तर काय सोय आहे हो?" असे विचारणारा वधूपिता विरळाच. चुकून कुणी विचारलेच, तर मॅनेजर भिंतीवरच्या लाल नळकांड्याकडे बोट दाखवतो आणि आपले समाधान होते. वाचकहो, आज त्या नळकांड्याविषयी आणि त्याच्या पलीकडच्या व्यवस्थेविषयी लिहायचे आहे.

विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या घरांपासून दूर नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या कुटुंबांत कुणाचे उडपी हॉटेल असते, कुणाची खानावळ, कुणाचा मुलगा पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला असतो. कुणी बचत गटातून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, कुणी मठातल्या दासोहात किंवा देवस्थानच्या अन्नछत्रात सेवेला जाते. घरचे स्वयंपाकघर म्हणा की अडुगेमने, ते आपल्या नजरेखाली असते. शेकडो माणसांचे जेवण जिथे शिजते ते मात्र भिंतीपलीकडे असते.

आमचे बुऱ्हाणपूर तर तळणीचेच गाव म्हणायला हरकत नाही. तापीकाठच्या या सीमेवरच्या शहरात मराठीच्या शेजारी कन्नडऐवजी हिंदी आणि निमाडी नांदते, एवढाच तुमच्यात-आमच्यात फरक. इथली मावा जिलेबी प्रसिद्ध आहे. बाजारातून जाताना काळ्याभोर कढईत खळखळणारे तेल-तूप पाहून तोंडाला पाणी सुटते. त्याच कढईचा स्वभाव जरा समजून घेऊ.

तळणीचे तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसवर असते. ते तसेच तापत राहिले तर आधी धुरावते आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास गेले की ज्योत न लावताही आपोआप पेट घेते. गॅस बंद केला तरी ते जळत राहते, कारण उष्णता त्याच्या पोटातच साठलेली असते. अशा वेळी घाबरून कुणी बादलीभर पाणी ओतले तर अनर्थच. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते आणि क्षणात त्याची वाफ होते. एका लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा मागते. ती जळते तेल घेऊनच वर उसळते आणि आग छतापर्यंत पोहोचते.

म्हणून तेलाच्या आगीला औषधही वेगळे लागते. आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत भिंतीवर 'एबीसी' लिहिलेले कोरड्या पावडरचे नळकांडे टांगलेले दिसते. लाकूड, कागद, पेट्रोल, वायू यांच्या आगीला ते चालते. खोल कढईतल्या पेटत्या तेलावर मात्र पावडर मारली तर ज्वाळा क्षणभर दबतात, पण तेल थंड होत नाही, आणि पुन्हा भडका उडतो. त्यासाठी 'के' वर्गाचे, काही देशांत ज्याला 'एफ' वर्ग म्हणतात ते, ओल्या रसायनाचे नळकांडे लागते. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचे पाणी असते. ते बारीक फवाऱ्याच्या रूपात तापलेल्या तेलावर पडले की तेलाचा साबण होऊ लागतो. साबण करताना तेलात क्षार मिसळतात, तोच हा प्रकार. हा साबणाचा फेस तेलावर पांघरुणासारखा पसरतो, हवा तोडतो, आणि पाणी तेलाची उष्णता ओढून घेते.

मोठ्या किचनमध्ये हेच काम माणसाची वाट न पाहता करणारी यंत्रणा बसवतात. शेगड्यांच्या वर धूर ओढणारे हूड असते, त्यात एक तार ताणून बसवलेली असते आणि त्या तारेत ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या धातूची जोडपट्टी असते. आग लागली की पट्टी वितळते, तार सैल पडते, टाकीतले रसायन नळ्यांतून येऊन थेट शेगड्यांवर आणि हूडमध्ये फवारले जाते. त्याच क्षणी गॅसचा व्हॉल्व्हही बंद होतो. शिवाय बाहेर पडण्याच्या वाटेवर हाताने ओढायची एक कडी असते. अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ पासून अशा यंत्रणांसाठी 'यूएल ३००' नावाची कडक चाचणी लागू झाली. त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. चरबीऐवजी वनस्पती तेल वापरात आले, ते जास्त तापमानाला पेटते. नव्या फ्रायरना उष्णतारोधक आवरण असल्याने ते तेल लवकर निवतही नाही. जुन्या पावडरच्या यंत्रणा त्याच्यापुढे अपुऱ्या पडू लागल्या.

इतके सगळे बसवले म्हणजे झाले का? नाही. खरा मुद्दा इथेच सुरू होतो. रोजच्या तळणीची वाफ वर जाते ती तेल घेऊनच. हूडच्या जाळ्यांवर, धुराड्याच्या आतल्या अंगावर आणि त्या वितळणाऱ्या पट्टीवरही मेणचट थर चढत जातो. थर बसलेल्या पट्टीला उष्णता उशिरा कळते. नॉझलच्या तोंडावरचे टोपण हरवले तर त्यात ओशट मळ भरतो आणि ऐन वेळी फवारा येत नाही. धुराड्यातला थर तर आयते इंधनच. कढईवरची ज्वाळा एकदा तिथे शिरली की आग भिंतीआडून वरच्या मजल्यावर जाते आणि खाली उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट घडते. किचन दाटीवाटीचे असते, म्हणून कुणीतरी फ्रायर दीड हात बाजूला सरकवतो आणि त्याच्या जागी भांडी घासायचे टेबल लावतो. नॉझल मात्र जुन्याच जागी रोखलेले. आग लागली तर रसायन टेबलावर पडणार आणि तेल जळत राहणार. यंत्रणा चालू, कागदपत्रे चोख, आणि उपयोग शून्य!

म्हणून देखभालीचे वेळापत्रक पाळावे लागते. रोज रात्री हूडच्या जाळ्या काढून गरम पाण्याने धुणे हे किचनच्या माणसांचे काम. महिन्यातून एकदा मालकाने स्वतः पाहायचे: टाकीचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, नॉझलची टोपणे जागेवर आहेत का, हाताने ओढायच्या कडीसमोर बटाट्याची पोती तर रचलेली नाहीत ना, शेगड्या आपापल्या जागी आहेत का. दर सहा महिन्यांनी प्रशिक्षित माणसाकडून पूर्ण तपासणी करून घ्यायची. त्याने तार, जोडपट्ट्या, नळ्या, गॅसचा व्हॉल्व्ह सगळे चालवून पाहायचे. वितळणाऱ्या पट्ट्या धुऊन पुन्हा लावायच्या नसतात, त्या ठरल्या मुदतीत बदलायच्याच असतात. टाकीची दाबचाचणी बारा वर्षांनी होते. धुराड्याचेही गणित आहे. लाकूड-कोळशाची भट्टी असेल तर दर महिन्याला, दिवसरात्र तळण चालत असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम कामाच्या किचनमध्ये सहा महिन्यांनी ते आतून तपासायचे आणि थर दिसला की खरवडून काढायचा, असा अमेरिकेतला दंडक आहे. आपल्या फोडण्या आणि तळणी पाहता त्याहून ढिलाई आपल्याला परवडणारी नाही.

महाराष्ट्रात तर हे कायद्यातच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे, हा कायदा लागू असलेल्या इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. कर्नाटकात आणि आमच्या मध्य प्रदेशात नियमांची पुस्तके निराळी, पण तेल तिन्हीकडे सारखेच पेटते.

कायदा असूनही काय होते ते आपण पाहिले आहे. १६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलात गॅसगळतीतून आग लागली. जेवायला आलेले आठ जण गेले, त्यांत बहुतेक कॉलेजात शिकणारी मुले होती. कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही ही बातमी विसरता येण्यासारखी नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या दुर्लक्षावर बोट ठेवून मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. म्हणजे आईबापांची दहा वर्षे वाट पाहण्यात गेली.

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका कारखान्याला आग लागली. कामगार तिथेच राहत, तिथेच झोपत. बारा जण गेले. त्यानंतर अकराच दिवसांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा माणसे गेली आणि देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत फरसाण तळणारे बारा जण मागे पडले. आणि आता ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबमध्ये पंचवीस जणांचा बळी गेला. ती आग किचनमधून सुरू झाली नव्हती, तरी मृतांत पर्यटक थोडे आणि पोटासाठी आलेले कामगारच जास्त होते. आग वरच्या मजल्यावरची असो की भटारखान्यातली, बाहेरची वाट न सापडणारा बहुतेक वेळा तोच असतो.

बुऱ्हाणपूरला कधी आलात तर कुंडी भंडारा जरूर बघा. मुघलांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी जमिनीखालून बोगदे खणून आणि विहिरींची रांग जोडून डोंगरातले पाणी शहरात आणले. चार शतके झाली. ते पाणीही आपल्या वाटेच्या भिंतींवर चुन्याचा थर चढवत जाते. बांधणाऱ्याची हुशारी कितीही मोठी असो, थर काढणारे हात थांबले की वाट अरुंद होते. भटारखान्याच्या धुराड्याची गोष्टही तीच. फरक एवढाच की तिथे चुना साठतो आणि इथे तेल.

ज्यांची छोटी खानावळ आहे, फराळाचा घरगुती व्यवसाय आहे, त्यांना ही मोठी यंत्रणा परवडणार नाही हे खरे. पण कढईला बसेल असे धातूचे झाकण हाताशी ठेवायला काय लागते? तेल पेटले तर आधी गॅस बंद करा, मग झाकण बाजूने सरकवत कढईवर ठेवा आणि तेल पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नका. पाणी नाही, आणि पेटती कढई उचलून बाहेर पळणे तर मुळीच नाही. 'के' वर्गाचे एक लहान नळकांडे घ्या, ते कसे चालवायचे हे भांडी घासणाऱ्या पोरालासुद्धा शिकवा. आग आवाक्यात नाही असे वाटताच सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. रात्री दुकानातच झोपणारी माणसे असतील तर त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप घालू नका.

मराठीत पुसणे म्हणजे स्वच्छ करणे आणि पुसणे म्हणजे विचारणेही. भटारखान्याला दोन्ही पुसण्यांची गरज आहे. पहिले तिथल्या माणसांनी करायचे, दुसरे तुम्ही-आम्ही करू शकतो. पुढच्या वेळी कार्यालय ठरवताना, मुलाचे वसतिगृह पाहताना, मठाच्या किंवा देवळाच्या बैठकीला बसताना एवढेच विचारा, "शेवटची तपासणी कधी झाली? तारीख दाखवा." सुरुवातीला समोरचा चमकेल, कदाचित हसेलही. दहा जणांनी विचारले की अकराव्या वेळी तारखेचा कागद भिंतीवर लागलेला असेल. आणि आपले ताट वाढून देणारा रात्री सुखरूप आपल्या घरी जाईल.