'माझे गाव' या निबंधात बोईसर का नसतं?

दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना 'माझे गाव' हा निबंध लिहायला देतो. विषय जुनाच आहे. पण वह्या तपासायला बसलो की दरवर्षी एकच गोष्ट खटकते. वर्गातली बहुतेक मुलं बोईसर-तारापूर परिसरात जन्मली, इथेच वाढली. निबंध मात्र आझमगढचा असतो, जळगावचा असतो, परभणीचा असतो. आंब्याची बाग, विहीर, दादांचं घर. यातल्या कित्येकांनी ते गाव एकदा-दोनदाच पाहिलेलं असतं. घरी त्याला 'मुलूक' म्हणतात, उर्दूच्या वहीत 'वतन' लिहितात. बोईसर कुणीच लिहीत नाही. एकाला विचारलं, तर म्हणाला, "सर, बोईसर गाव कुठंय? इथं तर आपण राहतो."

मी हसलो खरा, पण उत्तर डोक्यातून गेलं नाही.

कागदावर बोईसर गावच आहे. इथला कारभार ग्रामपंचायत पाहते आणि कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. जनगणना मात्र बोईसरला नगरात मोजते. पाच हजारांवर वस्ती, दाट लोकसंख्या आणि शेतीबाहेर काम करणारे पाऊणहून जास्त पुरुष, असा तिचा निकष आहे. म्हणजे मोजताना शहर आणि सोयी देताना गाव. नगरपरिषद हवी, ही मागणी अधूनमधून उठते आणि पुन्हा बसते.

हे गाव एका दिवसात फुगलं नाही. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी आली, कारखान्यांमागून कामगार आले. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि मुंबईत घर न परवडणारी माझ्यासारखी माणसंही इकडे सरकली. आता बुलेट ट्रेनच्या थांब्यांत बोईसरचं नाव आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध असताना. माणसं आणखी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या वाढीची किंमत कुणी दिली? अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठवावं लागलं. सूर्या प्रकल्प मुळात या भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. आज त्याच प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना आहे. तेव्हा इथला मांगेला, वारली किंवा भंडारी माणूस आपल्याला 'बाहेरचे' म्हणतो, तेव्हा दर वेळी त्यामागे द्वेषच असतो असं मी मानत नाही. त्याने जमीन, पाणी, मासळी सगळं जाताना पाहिलं आहे.

द्वेषही असतो, ते नाकारत नाही. फोनवर रिकामा असलेला फ्लॅट नाव सांगताच 'कालच गेला' होतो. हा अनुभव मी घेतला आहे, आपल्यातल्या पुष्कळांनी घेतला असेल. त्यावर लेख लिहिणं सोपं आहे आणि ते लिहिले पाहिजेत. पण आज मला आपल्याच बाजूचं एक बोलायचं आहे.

मी बोईसरला चिकटलेल्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत बारा वर्षं राहतो. नाव सांगत नाही, कारण आजूबाजूला सगळीकडे तीच कथा आहे. आमच्या इमारतीसमोरचं गटार दर पावसाळ्यात रस्त्यावर येतं. त्याच पाण्यातून मुलं शाळेत येतात. गेल्या वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी ते मांडायला उभा राहिलो. मागून एका म्हाताऱ्या काकांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, तुमचं नाव यादीत आहे का?"

नव्हतं. माझं मत जोगेश्वरीत होतं. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस, हे नागरिकशास्त्रात मी मुलांना शिकवतो. मी खाली बसलो. काकांचा प्रश्न अपमानाचा नव्हता, बरोबर होता.

मत का हलवलं नव्हतं? आळस हे एक कारण. दुसरं कारण आपल्या घराघरांत आहे. अब्बा म्हणायचे, "जुना कागद हलवायचा नाही." २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्यावरून देश ढवळून निघाला, तेव्हा तर प्रत्येक घरात ट्रंका उघडल्या गेल्या. जुनं रेशन कार्ड, शाळेचा दाखला, आजोबांचं नाव असलेली मतदार यादी. त्या भीतीला मी हसणार नाही. पण तिचा परिणाम पाहा. उद्या कुणी विचारलंच, तर आपण इथले आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण जिथे राहत नाही तिथले मतदार राहतो, आणि जिथे राहतो तिथे कुणीच नसतो. आपलं गटार, आपला दिवा, आपल्या मुलांचा रस्ता ठरवायला दुसरेच बसतात. मग आपण म्हणतो, आम्हाला कुणी विचारत नाही.

मत हलवल्याने जुनी यादी पुसली जात नाही. जुन्या यादीतल्या नावाची प्रत, दाखले, खरेदीखत सांभाळून ठेवा, जरूर ठेवा. आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरा. विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी होते.

दोन भाषा शिकवताना मला एक शब्द नेहमी थांबवतो. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जिची आठवण काढून गळा दाटतो. मराठीत तोच अरबी शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेचा हक्क, पण कामाच्या बदल्यात. पाटील, कुलकर्णी यांची वतनं होती, तशी काझी आणि मुलाणी यांचीही होती. त्या व्यवस्थेत न्याय नव्हता. महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. ती वतनं गेली ते चांगलंच झालं. तरी त्या शब्दातली एक गोष्ट मला ठेवून घ्यावीशी वाटते: गावात जागा हवी तर गावाचं काही काम अंगावर घ्यावं लागतं. आपण उर्दूतलं वतन मुलुखात ठेवून आलो आणि मराठीतलं वतन इथे मागितलंच नाही.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची नाही. आमच्या संकुलात मराठवाड्यातले, खानदेशातले, ओडिशाचे लोक आहेत. त्यांचीही मतं गावी. फक्त त्यांच्या आळसामागे भीती नाही, आपल्या आळसामागे आहे. म्हणून आपल्याला जास्त नेटाने हे करावं लागेल.

मी नमुना ८ भरला. यंदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुन्हा उभा राहिलो आणि गटाराचा विषय इतिवृत्तात लिहून घेतला. गटार अजून झालेलं नाही. पण या वेळी कुणी यादीचं विचारलं नाही आणि ते काका शेजारी सरकून म्हणाले, "आमच्या आळीचंही तेच हाय, दोन्ही एकत्र मांडू."

वर्षात चार ग्रामसभा होतात. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील तेवढे पुरतात. मी मोजून पाहिलं, आमच्या एका संकुलातच १०० च्या वर प्रौढ माणसं राहतात. यादीत नावं निघाली अकरा.

यंदा मी निबंधाचा विषय थोडा बदलला आहे: 'मी राहतो ते गाव'. वह्या पुढच्या आठवड्यात येतील.