फुकट आखाड्याचे खोटे पुण्य

अमरावतीच्या राजकमल चौकातून कोणत्याही दिशेने निघावे किंवा अकोल्यातील एखाद्या नव्या वसाहतीत शिरावे. काचेच्या दर्शनी भिंतीची जिम हटकून दृष्टीस पडते. आत आरसे, वातानुकूलन, कानठळ्या बसविणारे संगीत आणि दाराशीच पावडरच्या डब्यांची उतरंड. याच शहरांच्या जुन्या वस्तीत तालमीच्या दाराला कुलूप असते आणि ते हनुमान जयंतीपुरते निघते. हे पाहून ज्येष्ठ मंडळी हळहळतात, नव्या पिढीला नावे ठेवतात आणि घरी जातात. तालीम बंद का पडली, हा प्रश्न मात्र त्यांच्यापैकी फारसा कोणी विचारीत नाही.

जिमवाल्यांवर कोरडे ओढणे सोपे आहे आणि त्यांनी ते कमावलेलेही आहेत. यंत्रांचे हप्ते आणि जागेचे भाडे डोक्यावर घेऊन बसलेला मालक नववर्षाच्या संकल्पाच्या भरात वर्षभराचे पैसे आगाऊ घेतो. नाव नोंदविलेले सगळे रोज आले, तर त्याच्या जागेत उभे राहायलाही वाव उरणार नाही. म्हणजे न येणाऱ्या माणसावरच हा व्यवसाय उभा असतो! उरलेली तूट मग पावडर विकून भरायची. त्यापुढची पायरी इंजेक्शनांची. उत्तेजक संप्रेरकांनी दंड फुगतात. परंतु यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांवर त्यांचा काय परिणाम होतो, हे अठरा वर्षांच्या पोराला कोण सांगणार? औषध देणाऱ्या वैद्याला नोंदणी सक्तीची, शरीर घडविणाऱ्या प्रशिक्षकाला तशी सक्ती नाही.

परंतु जिमवाला एक गोष्ट चुकत नाही. तो ठरल्या वेळी दार उघडतो, झाडलोट करतो, स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ ठेवतो आणि त्यासाठी पैसे मागायला लाजत नाही. आपल्या तालमींनी नेमके हेच टाळले. ‘आम्ही विद्या विकत नाही’ असे म्हणत म्हणत त्यांनी विद्या राखलीच नाही. आखाड्याची माती काही आकाशातून पडत नाही. ती चाळावी लागते, तीत ताक, तेल, हळद मिसळावी लागते, हौदा नित्य खणावा लागतो. मल्लखांब दुरुस्त ठेवावा लागतो, खाली गादी लागते. वस्तादाला संसार असतो. हा सारा भार एखाद्या दानशूर व्यापाऱ्याच्या किंवा नगरसेवकाच्या मर्जीवर टाकला की काय होते? ती व्यक्ती गेली की तालीम जाते. आणि ती राहिली, तर तालमीतील पोरे निवडणुकीत तिच्या मागे फिरतात. फुकटाची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

वऱ्हाडाला याचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत ज्या कार्याचा पाया घातला, ते आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू झाले १९२० मध्ये, आणि त्यांच्या पाठीशी एक विदेशी संघटना होती. वैद्य बंधूंपाशी तसे काही नव्हते. मग तोच काळ, तीच लाल माती असताना इतर आखाडे गल्लीत विरले आणि हा एक महाविद्यालयापर्यंत कसा पोहोचला? वैद्य बंधूंनी नुसते पैलवान घडविले नाहीत, शिक्षक घडविले. उन्हाळी वर्ग भरवून प्रांतोप्रांतीच्या तरुणांना शास्त्रशुद्ध शिक्षण दिले आणि ते तरुण आपापल्या गावी जाऊन शिकवू लागले. हुतात्मा राजगुरू याच मंडळाचे विद्यार्थी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९६७ मध्ये पदवी महाविद्यालय निघाले. तेथे प्रवेश अर्ज आहे, अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे आणि शुल्कही आहे. त्यामुळे मारुतीरायाचा कोप झाल्याचे ऐकिवात नाही.

अकोल्याचे उदाहरण वेगळे, पण बोध तोच. तेथील शासकीय क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियोद्धे घडले ते नियमित सराव आणि पूर्णवेळ प्रशिक्षक यांच्या बळावर. वर्षातून एकदा मिरवणुकीत लाठी फिरवून नव्हे.

आता तर काळही अनुकूल आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. २०१९ मध्ये मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब आणि योगासनांचा समावेश झाला. पुढे महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या आरक्षणाचा विचारही पालक करतात. अशा वेळी मुलाचा हात धरून बाप तालमीपाशी येतो, तेव्हा त्याला कुलूप दिसावे?

साठ मुले आणि दरमहा दोनशे रुपये असा साधा हिशेब धरला, तरी महिन्याला १२,००० रुपये होतात. गरिबाच्या चार-सहा मुलांना माफी देऊनही हौदा खणला जाईल आणि वस्तादाच्या हाती काही पडेल. या रकमेची पावती हवी, हजेरीपट हवा, दुखापतीची नोंद हवी. सकाळची एक वेळ मुलींसाठी आणि गृहिणींसाठी राखून ठेवायला हवी, शिकविण्यास जाणती स्त्री हवी. यावर काही जुनी खोडे नाक मुरडतील. ज्यांच्या सुना पैसे भरून जिममध्ये जातात, त्यांनी तरी मुरडू नये.

हनुमान जयंतीला कुलूप निघेल तेव्हा पताका लावण्याआधी विश्वस्तांनी एवढेच करावे: गेल्या दहा वर्षांत या दारातून किती मुले शिकून बाहेर पडली आणि त्यांतील किती आज दुसऱ्यांना शिकवीत आहेत, तो आकडा फळ्यावर लिहावा.