ठाकूरचे अश्रू

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी पुकारल्यावर दोन महिन्यांच्या आतच, प्रदर्शित झाला. खिळे ठोकलेल्या जोड्यांनी ठाकूर गब्बरला तुडवून मारतो, हा त्याचा मूळ शेवट सेन्सॉरला रुचला नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा, हे कसे चालणार? तेव्हा ऐनवेळी पोलीस अवतरले व गब्बर त्यांच्या हवाली झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मूळ शेवटासह हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला. पन्नास वर्षे हृदयाशी जपलेल्या कलाकृतीला हात लावणे उचित काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

वाढीव दृश्यांनी चित्रपट सुधारतोच असे नव्हे. १९७५ च्या प्रतीत अहमदची हत्या दिसत नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि घोड्यावरून प्रेत गावात येते. तेथे न दाखविलेलेच अधिक भेदक ठरले. शेवटाची गोष्ट मात्र निराळी. मूळ शेवटात गब्बरला मारून ठाकूर ढसाढसा रडतो. सूड पुरा झाला, पण गेलेली माणसे परत आली नाहीत, हे त्या अश्रूंतून कळते. पोलिसांच्या आगमनाने कथेचा हा आत्माच हरवला होता. तो परत मिळाला, याचे आम्ही स्वागत करतो.

तथापि जुनी प्रतही जपलीच पाहिजे. एक प्रत कलावंताच्या मनाची साक्ष देते, दुसरी त्या काळातील सत्तेच्या भयाची. इतिहासाला दोन्ही साक्षी हव्या आहेत.