डब्यावर विषाचा त्रिकोण आहे, गटाचा आकडा कुठाय?

तांबेऱ्यासाठी फवारणी घेतली आणि आठ-दहा दिवसांत सोयाबीनचं पान पुन्हा तांबडं दिसलं की आपल्याकडं दोनच गोष्टी निघतात. औषध डुप्लिकेट होतं, नाहीतर गड्यानं पंपाचं माप चुकवलं. असेलही. फवारणीला उशीर झाला, पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचलंच नाही, हेही असतं. पण बुरशीच त्या औषधाला सरावली असेल, हे कुणी धरतच नाही.

औषधातनं थोडी बुरशी वाचते, तिचीच पुढं पैदास होते. पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच वाचते. ब्राझीलमध्ये तांबेऱ्याचं असंच झालं. तिथं दरवर्षी ठिकठिकाणी तीच औषधं शेजारी-शेजारी मारून निकाल जाहीर करतात, म्हणून कुठलं ढिलं पडतंय ते कळतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात सोयाबीनच्या पानावरल्या ठिपक्याची बुरशी स्ट्रोबिन औषधांना दाद देत नाही, हे २०१० लाच सापडलं.

आता आपलं बघा. टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल. नावं चार, गट एकच, ३ नंबर. अझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, पिकॉक्सिस्ट्रोबिन, हे सगळे ११. दुकानदार म्हणतो, "दादा, यावेळी बदलून देतो," आणि देतो त्याच गटातलं. बुरशीला डब्याचा रंग थोडाच कळतो! माझ्या घरातल्या डब्यांवर विषाचा लाल, पिवळा, निळा त्रिकोण ठळक आहे, गटाचा आकडा शोधून सापडला नाही. तो त्रिकोणाशेजारी तेवढाच मोठा छापायला काय जातं?

कसबे डिग्रजच्या केंद्रानं फुले संगम दिलं, तांबेऱ्यात तग धरणारं वाण. त्याचा कृष्णाकाठाला उपयोगच झाला. तशीच आता औषधांची दरसाल तपासणी पाहिजे. गावोगावची रोगट पानं न्यावीत, कुठल्या घटकाला बुरशी किती दबते ते बघावं, आणि पेरणीआधी तालुकावार सांगावं. फवारणीचा सल्ला मोबाईलवर ढिगानं येतो, पण तो कुठल्या शिवारातल्या बुरशीवर तपासलाय?

यंदा मी मधल्या चार ओळी बिनफवारणीच्या सोडणार आहे. पोरगं म्हणतंय, तेवढा माल बुडणार. बुडू दे. शेजारी न मारलेलं पान असल्याशिवाय मारलेल्याचा गुण कळायचा कसा? तुम्ही कुणी अशा ओळी सोडल्या असतील तर खाली गाव, फवारणीची तारीख आणि घटकाचं नाव लिहा. डब्याचं नाव नको.