इलेक्ट्रॉनला बाहेर कोण ओढतं?

पाथर्डी तालुक्यात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. अणूची आकृती काढायला सांगितली की बरीच पोरं इलेक्ट्रॉनवर दोन बाण काढतात. एक आत, केंद्रकाकडे. दुसरा तेवढाच लांब, बाहेर. त्यावर लिहितात ‘अपकेंद्री बल’. “दोन्ही सारखी असतात सर, म्हणून तर तो फिरत राहतो.” काही गाइडांत हेच छापलेलं असतं आणि त्याला मार्कही मिळतात. हे मार्क देणं थांबलं पाहिजे.

ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडे माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं राखतात. मी पोरांना गोफण फिरवायला लावतो. हाताला विचारा: दगडाला आत ओढावं लागतं, सतत. दोरीचं एक टोक सोडलं की दगड बाहेर उसळत नाही. सुटताना ज्या दिशेनं चालला होता, त्याच दिशेनं सरळ जातो. पोरं साखर कारखान्यातलं सेंट्रीफ्युगल मशीन पुढे करतात. पण तिथंही जाळी साखरेच्या कणाला आत रेटते, म्हणून तो गोल फिरतो. मळीला छिद्रापाशी अडवणारं कुणी नसतं, ती निघून जाते.

हायड्रोजनमध्ये प्रोटॉनची ओढ एका न्यूटनचा जेमतेम सव्वा कोटीवा भाग. तेवढ्यावर सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर वेगानं निघालेला इलेक्ट्रॉन वळत राहतो. बाहेरचा बाण खरा असता, तर दोन्ही बलं एकमेकांना खाऊन टाकती आणि इलेक्ट्रॉन सरळ रेषेत निघून जाता. वर्तुळ उरलंच नसतं.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. तो खोटा बाण पोरांपासून या धड्यातला सगळ्यात मोठा प्रश्न लपवतो. बल एकच, आतलं. म्हणून इलेक्ट्रॉनला त्वरण आहे. त्वरण असलेला विद्युतभार जुन्या नियमानं प्रकाश फेकत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात कोसळणार. मग आपण, हा फळा, ही ज्वारी टिकून कशी? या पेचातून वाट काढायला १९१३ साली नील्स बोरनं ठराविक कक्षांची कल्पना मांडली, आणि पुढे तीही अपुरी ठरली. दोन बाण काढून बलं मिटवणाऱ्या पोराला हा पेच दिसतच नाही. त्याच्या लेखी त्वरणच नाही, मग बोरची गरज कशाला?

गेल्या वर्षी गोफण खाली ठेवता ठेवता एका मुलीनं विचारलं, “सर, फक्त आतच ओढ आहे, तर तो पडत का नाही?” त्या दिवशी पुढचा सगळा तास मी तिच्या प्रश्नाला दिला.