शिवीला दंड, अफवेला माफी

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी ग्रामसभेत ठराव केला : आईबहिणीवरून शिवी देईल त्याला ५०० रुपये दंड. त्याच सभेत आणखी एक ठराव झाला : संध्याकाळी सात ते नऊ मुलांनी मोबाईलला हात लावायचा नाही, अभ्यासाला बसायचे. शहरातल्या शहाण्यांनी यावर यथेच्छ विनोद केले. आम्ही करणार नाही. नवरा मेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, असे ठरवणारे हेच गाव आहे. अशा गावाची टिंगल करणाऱ्याने आधी आपल्या सोसायटीच्या सभेत काय बोलले जाते ते आठवावे. सौंदाळ्याला आमचा मुजरा. आणि मुजरा करून झाला की आम्ही सौंदाळ्याशी भांडायला बसणार आहोत.

कारण तो ५०० रुपयांचा दंड वेशीपर्यंतच चालतो. वेशीबाहेर पाऊल टाकून खिशातला फोन काढा. तीच शिवी, तीच आई, तीच बहीण. पण तिथे दंड नाही, तिथे कमाई आहे! जितकी शिवी घाणेरडी तितके बघणारे जास्त, आणि जितके बघणारे जास्त तितका पैसा. पारावर जीभ आवरणारा माणूस त्याच पारावर बसून त्या व्हिडिओला अंगठा दाखवतो, तो निषेधाचा नव्हे, पसंतीचा. गावाने तोंडाला कुलूप घातले आणि बोटे मोकळी सोडली.

दरवर्षी शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा होते आणि 'इंटरनेट : शाप की वरदान' हा विषय ठरलेला असतो. पोरे भाषण पाठ करून येतात. अडीच मिनिटे वरदान, अडीच मिनिटे शाप, शेवटी नाण्याच्या दोन बाजू, टाळ्या आणि प्रमाणपत्र. पोरांचे ठीक आहे. पण मंत्री, संपादक आणि संस्थाचालकही हीच नाणेफेक करीत बसले आहेत. आमचे उत्तर सरळ आहे : नफा मोठा आहे, तोट्याहून कितीतरी मोठा. मात्र नफा एकाच्या घरी जातो आणि तोटा दुसऱ्याच्याच दारात येऊन पडतो. ही वाटणी इंटरनेटने केलेली नाही. ती तुम्हीआम्ही केली आहे.

नफा खोटा म्हणणाऱ्याने तलाठ्याच्या दारात चपला झिजवलेल्या पिढीला विचारावे. साहेब जेवायला गेलेत, दप्तर तालुक्याला आहे, उद्या या, हा जप ऐकत त्यांची हयात गेली. आज डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. 'कागद दाखवा' ही मागणी पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने लावून धरली. तिच्यातून राज्याचा माहितीचा कायदा २००२ साली आला, देशाचा २००५ साली. त्या मागणीला पाय फुटले ते या जाळ्यामुळे. घोडेगावच्या कांदा मार्केटला गाडी भरण्याआधी शेतकरी राहुरीचा आणि लासलगावचा भाव बघतो. पूर्वी आडत्या सांगेल तो भाव आणि देईल ती पट्टी. आणि पाथर्डी-जामखेडचे ऊसतोड कुटुंब! दिवाळी उरकली की कोयता घेऊन निघते, पोर आजीजवळ राहते. रात्री फडाच्या कडेला, कोपीच्या दारात बसून ती आई हातभर पडद्यावर आपल्या पोराचे तोंड बघते आणि जेवलास का म्हणून विचारते. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही या जाळ्याचे शंभर अपराध पोटात घालू. शिशुपालाचेही शंभरच घातले होते.

एकशे एकावा अपराध राईनपाड्याला घडला. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा संदेश मोबाईलवरून मोबाईलवर धावत होता. बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी दिसले, सोलापूर-मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! ज्या खोलीत ठराव होतात, जिथे थोरांच्या तसबिरी लावायच्या असतात, त्या खोलीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात जाहीर केले की एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. पाच माणसे गेली, पाचाची मर्यादा आली. किती चोख हिशेब!

पण त्या पाच जणांना मोबाईलने मारले काय? माणसांनी मारले. भटका दिसला की तो चोर, ही नजर जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र देशाने १९५२ साली तो कायदा मोडीत काढला, पण नजर तशीच राहिली. संशय गावात ठासून भरलेला होता. मोबाईलने नुसती काडी लावली. दारूगोळा कोणाचा, हे विचारायची आमची हिंमत होत नाही, म्हणून आम्ही काडीपेटीला शिव्या देतो.

सरकारचा उपाय तर त्याहून न्यारा. ७ जून २०२३ ला कोल्हापूर काही पोरांच्या स्टेटसवरून पेटले आणि सरकारने इंटरनेटच बंद करून टाकले. काडी लावणारे मूठभर, अंधार सगळ्यांना. दुकानदाराचा गल्ला बंद, विद्यार्थ्याचा फॉर्म बंद, आणि खरे काय घडले ते सांगणाऱ्याचे तोंडही बंद. अफवा मात्र चालूच राहते. तिला टॉवर लागत नाही, कान पुरतो.

नगरला (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून वळण पडायचे आहे) 'शाप की वरदान' या वादाचे अप्रूप वाटायचे कारण नाही. याच गावातून १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. त्या काळी छापील पुस्तकाला शिवण्याचा विटाळ मानणारी मंडळी होती, कारण म्हणे शाईत चरबी असते. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी अखेर तुपाची शाई करून धर्म वाचवला! याच नगरात मिशनरी मिस फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. तेव्हा सनातन्यांचा बिनतोड युक्तिवाद काय होता? बाई लिहायला शिकली तर परपुरुषाला पत्रे लिहील. आज त्या वाक्यावर सावित्रीबाईंच्या जयंतीला वक्ते टीका करतात, सभागृह हसते, आणि घरी जाऊन तेच सभागृह मुलीच्या हातातला फोन काढून घेते : कोणाशी बोलतेस?

भाऊ रात्री दोनपर्यंत रील बघत लोळतो, त्याला कोणी विचारत नाही. बहिणीने प्रवेशाचा फॉर्म भरायला फोन मागितला की घराची अब्रू धोक्यात येते. फोन सापडला की कॉलेज बंद, कॉलेज बंद झाले की स्थळ बघणे सुरू. कोणा टवाळाने तिचा चेहरा दुसऱ्या देहावर चिकटवून गावभर फोटो फिरवला, तर टवाळ पारावर मोकळा आणि फोन जप्त होतो तिचा! गुजरातेत २०१९ साली ठाकोर समाजाच्या बारा गावांनी अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली तेव्हा आम्ही महाराष्ट्राच्या पुरोगामीपणाचे ढोल बडवले. फरक एवढाच की त्यांना ठराव करावा लागला. आमच्याकडे बापाचा डोळा पुरतो.

म्हणे मोबाईलने पिढी बिघडली. पिढीपुढे पायंडा कोणी ठेवला? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी चालू असल्याचा व्हिडिओ महाराष्ट्राने पाहिला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात घालवत होतो, असा त्यांचा खुलासा. तो खरा धरू. मग ज्या जाहिराती मंत्र्याला सभागृहात सोडत नाहीत, त्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या पोराला बांधावर सोडतील काय? पुढे मंत्र्यांचे खाते बदलले, आणि बदलून मिळाले कोणते? क्रीडा! ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो योग्यच केला. पण तोवर नटांनी आणि क्रिकेटपटूंनी त्याच खेळांच्या जाहिरातींतून घरे भरली होती, आणि सरकार वर्षानुवर्षे त्यावर कर मोजत होते.

आणि जिथे जाळे पोचायला हवे तिथे ते पोचत नाही. कळसूबाई अकोले तालुक्यात आहे, १६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. टॉवरला उंची कमी पडली असे तरी कोणी म्हणू नये. तरीही त्या डोंगररांगेतल्या वाड्यापाड्यांवर माणूस रेंज शोधत टेकाडावर चढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून सरकारने पीकपाहणी मोबाईलवर आणली : शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. फोटो निघतो, चढत नाही. नोंद नाही तर भरपाईला अडचण, विम्याला अडचण. रेशनला अंगठा, योजनेला ओटीपी, सगळे ऑनलाइन. ज्याच्याकडे रेंज नाही तो कागदावर जिवंतच नाही. हक्क फोनमध्ये कोंबायचा आणि फोनला रेंज द्यायची नाही, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात. मुंबईत त्याला डिजिटल क्रांती म्हणतात.

पुन्हा नेवाशाला येतो, कारण आमचे भांडण त्या तालुक्याशी आहे आणि आमची आशाही तिथेच आहे. १२९० साली इथे एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी संस्कृतात कोंडलेली गीता मराठीत मोकळी केली. याच तालुक्यातल्या तरवडीतून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवले. १९१० साली सोमठाण्यात सुरू केलेले हे सत्यशोधकी पत्र १९६७ पर्यंत त्यांनी जगवले. शहराचा आधार नाही, वाचणारे थोडे, ऐकणारे जास्त. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. तरी सावकारीवर, भिक्षुकशाहीवर, रूढीवर त्यांनी कुळवाड्याच्या भाषेत कोरडे ओढले. मुकुंदरावांपाशी होता एक छापखाना. आज तरवडीच्या प्रत्येक पोराच्या खिशात छापखाना आहे, टपाल आहे, तारयंत्र आहे आणि तमाशाचा तंबूही आहे. आणि त्यातून छापून काय निघते? गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ, दादांच्या वाढदिवसाचा फलक, आणि दुसऱ्या जातीला, दुसऱ्या धर्माला दिलेली शिवी!

म्हणून सौंदाळ्याशी भांडण. सात ते नऊ मुलांना बंदी, आणि मोठ्यांना? राईनपाड्यात दगड घेऊन धावले ते प्राथमिक शाळेतले विद्यार्थी नव्हते. जातीचे विष कुटुंबाच्या गटावर टाकतात ते काका, मामा आणि निवृत्त गुरुजी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली भोंगा बसवला. सातला वाजतो, साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास मोबाईल बंद आणि टीव्हीही बंद, लहानांचा आणि थोरांचा. पोराने अभ्यास करायचा आणि बापाने शेजारी बसून रील बघायची, हा ढोंगीपणा त्या भोंग्याने संपवला.

सौंदाळकरांनो, तुमचा ठराव अर्धा आहे, तो पुरा करा. शिवीला ५०० रुपये, तर खोटा निरोप पुढे ढकलणाऱ्याला किती, ते ठरवा. मुलीचा फोटो फिरवणाऱ्याचे नाव पोलिसांत द्या आणि फोन तिच्या हातात ठेवा. सात वाजले की मोठ्यांचेही फोन बाजूला पडू द्या. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि आम्हाला बोलवा. पहिला फोन सरपंचांनी टेबलावर ठेवावा. दुसरा आम्ही ठेवतो.