विश्लेषण : महागडा फोर्क घेऊनही हात का बधिरतात? माउंटन बाइकच्या ‘डॅम्पिंग’चे गणित काय?

माउंटन बाइक घेताना ग्राहक गिअर किती, ब्रेक डिस्कचे की साधे आणि पुढचे ‘शॉकअप’ किती मिलिमीटर दबते, एवढे हमखास विचारतो. दबल्यावर ते परत कसे येते, हे मात्र तो विचारत नाही आणि विक्रेताही सांगत नाही. दगडगोट्यांच्या उतारावर सायकल ताब्यात राहणार की हातातून सुटणार, हे बरेचसे त्या परतीच्या वेगावर ठरते. तो वेग जुळवायला एक सकाळ आणि एक छोटा पंप पुरतो. तरीही ही जुळणी टाळून आणखी महाग फोर्कवर पैसे खर्च केले जातात.

स्प्रिंग असताना डॅम्पिंग कशाला?

फोर्कमधली स्प्रिंग धातूची असो वा कोंडलेल्या हवेची, ती धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. तिला आवर घालणारे काही नसेल, तर प्रत्येक दगडागणिक हँडल उसळी घेते. हा आवर म्हणजे डॅम्पर. त्यात तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपेतून ढकलले जाते. त्या अडथळ्यात धक्क्याच्या ऊर्जेची उष्णता होते. कार्यालयाच्या दाराला वर बसवलेला क्लोजर याच तत्त्वावर चालतो. त्याचा स्क्रू फिरवला की दार हळू किंवा जलद मिटते आणि आतले तेल गळले की ते धाडकन आपटते. अनेक सायकलींचे पुढचे चाक रोज असेच आपटत असते.

जास्त मिलिमीटर म्हणजे चांगला फोर्क?

हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. रॉकशॉक्स कंपनीचा ‘आरएस-१’ हा फोर्क १९८९च्या सुमारास बाजारात आला. तो जेमतेम ५० मिलिमीटर दबत असे, पण त्यात हवेची स्प्रिंग आणि तेलाचे डॅम्पिंग होते. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली. तिच्यातली उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सचा फोर्क लावलेल्या सायकलवर जिंकली. आज साध्या सायकलींचे फोर्कही त्याहून बरेच जास्त दबतात. पण त्यांतील कित्येकांत डॅम्पर नावालाच असतो किंवा मुळीच नसतो. म्हणून फोर्क किती दबतो यापेक्षा किती शिस्तीत हलतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कोणती बटणे कशासाठी?

डॅम्पिंगच्या दोन बाजू आहेत. फोर्क दबतानाचा विरोध म्हणजे कंप्रेशन आणि परत उघडतानाचा विरोध म्हणजे रिबाउंड. रिबाउंडचे बटण बहुधा लाल असते आणि उजव्या पायाच्या तळाशी सापडते. कंप्रेशनचे बटण बहुधा वरच्या टोकाला असते. काही फोर्कमध्ये कंप्रेशनचे ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे दोन भाग असतात. हा वेग सायकलचा नसून फोर्क किती झपाट्याने दबतो त्याचा आहे. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खाली जाणे ही मंद हालचाल, तर चाक दगडावर आदळणे ही जलद हालचाल.

लॉकआउट हे वेगळेच प्रकरण आहे. ते फोर्क जवळपास बंद करते. डांबरी रस्त्यावरच्या चढाला ते ठीक, दगडी उतारावर घातक. स्वस्त फोर्कवरच्या प्रीलोडच्या बटणाला अनेक जण ‘कडक-मऊ’ समजतात. त्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त फोर्क वजनाने किती बसतो ते बदलते.

सुरुवात कुठून करायची?

आधी टायरमधील हवा तपासावी, कारण खडखडाटाचे मूळ अनेकदा तिथेच असते. त्यानंतर ‘सॅग’ पाहावा. हेल्मेट आणि पाण्याच्या बाटलीसह सायकलवर स्थिर उभे राहिल्यावर फोर्क एकूण हालचालीच्या साधारण १५ ते २५ टक्के बसायला हवा. १२० मिलिमीटरच्या फोर्कसाठी २० टक्के म्हणजे २४ मिलिमीटर. फोर्कच्या नळीवरील रबरी कडी त्याची खूण दाखवते. हवेच्या फोर्कला शॉक पंप लागतो, टायरचा पंप इथे उपयोगाचा नाही.

सॅग जुळल्यावरच रिबाउंडला हात लावावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण हवा वाढवली की फोर्क अधिक जोराने परत येतो आणि त्याला रोखायला अधिक रिबाउंड लागतो. साहजिकच ५५ किलोच्या आणि ९० किलोच्या सायकलस्वाराची जुळणी एकच असू शकत नाही. दुकानातून जशी आली तशीच सायकल चालवणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणे.

चुकले हे ओळखायचे कसे?

कंप्रेशन पूर्ण मोकळे आणि रिबाउंड मध्यावर ठेवून एकच छोटी, ओळखीची पायवाट पुन्हा पुन्हा उतरावी. एका वेळी एकच बटण दोन ‘क्लिक’ फिरवावे आणि आकडा लिहून ठेवावा.

पुढचे चाक दगडावरून उडत असेल, वळणावर भरकटत असेल, तर रिबाउंड फार जलद आहे. ओळीने आलेल्या दगडांवर पहिला धक्का सुसह्य आणि चौथा-पाचवा हाडे हलवणारा वाटत असेल, तर रिबाउंड फार मंद आहे. फोर्क पुरता उघडण्याआधीच पुढचा दगड येतो आणि तो खालीच अडकून पडतो. गंमत अशी, की अशा वेळी फोर्क ‘कडक’ वाटतो म्हणून सायकलस्वार हवा कमी करतो आणि दुखणे वाढवतो. ब्रेक लावताच नाक खाली जात असेल, तर लो स्पीड कंप्रेशन थोडे वाढवावे. मोठ्या खड्ड्यातही फोर्क कधीच पूर्ण दबत नसेल, तर हवा किंवा कंप्रेशन जास्त आहे.

हवामान आणि उंचीचा परिणाम किती?

थंडीत तेल घट्ट होते आणि रिबाउंड मंदावतो. पुण्याच्या टेकडीवर जुळवलेला फोर्क लडाखच्या पहाटे आळशी वाटतो तो यामुळे. शिवाय उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब घटतो. तापमान तेच धरले, तर समुद्रसपाटीवर भरलेला फोर्क लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर जवळपास ५ पीएसआय जास्त दाब दाखवतो. तिथे पोहोचल्यावर सॅग पुन्हा मोजणे शहाणपणाचे.

सह्याद्रीत शत्रू वेगळे आहेत, पावसाळी चिखल आणि उन्हाळी मुरूम. नळीवरची धूळ पुसली नाही तर सील झिजते, तेल गळते. मग कोणतेही बटण फिरवून उपयोग नाही. कित्येक उत्पादक खालच्या नळ्यांतील तेल सुमारे ५० तासांच्या वापरानंतर बदलायला सांगतात. ‘तासांचा’ हा हिशेब फारच थोडे ठेवतात.

हा शर्यतवाल्यांचा छंद नाही का?

उलट आहे. स्पर्धकाच्या दिमतीला मेकॅनिक असतो आणि मनगटात ताकद असते. रविवारी टेकडीवर जाणाऱ्या नवख्याकडे दोन्ही नसते. बेलगाम फोर्कमुळे त्याचे हात बधिरतात, हाताची पकड ढिली होते आणि नेमक्या उतारावर ब्रेकवरचे बोट सुटते. हात बधिरण्याला बसण्याची पद्धत आणि मुठीही कारणीभूत असतात, हे खरे. पण फोर्कची तपासणी फुकट आहे. नव्या फोर्कची खरेदी नाही.

बटणांना मर्यादा आहेत, हेही मान्य करायला हवे. झडपा बहुधा मध्यम वजनाचा सायकलस्वार गृहीत धरून बनतात. त्यामुळे हलक्या अंगाच्या स्त्रिया आणि किशोरांना सगळी बटणे मोकळी करूनही फोर्क जड वाटू शकतो. त्यांच्यासाठी आतल्या चकत्या किंवा तेल बदलणे हाच उपाय, आणि ते जाणकाराचे काम आहे.

जबाबदारी कोणाची?

पहिली विक्रेत्याची. सायकल देताना सीटची उंची जुळवतात, तसा सॅगही दहा मिनिटांत जुळवता येतो. रिबाउंडचे क्लिक कार्डावर लिहून देणे म्हणजे उपकार नव्हे, तो विक्रीचाच भाग आहे. दुसरी ग्राहकाची. ज्याला फक्त रस्त्यावर चालवायची आहे, किंवा ज्याच्या बजेटात डॅम्पर नसलेलाच फोर्क बसतो, त्याने सरळ बिनस्प्रिंगचा फोर्क आणि जाड टायर घ्यावेत. सायकल हलकी होईल, बिघडायला एक वस्तू कमी. आणि ज्याच्या फोर्कला लाल बटण आहे, त्याने नवा फोर्क शोधण्याआधी ते दोन क्लिक फिरवून पाहावे.